दुसरा कॅमेरा कशाला?

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या आवारात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला आज उभं केलंय ते एका प्रश्नामुळं. आपल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ठराव झाला की या रौप्यमहोत्सवी वर्षात येत्या अक्षय तृतीयेला प्रत्येक घराचा, घरातल्या सगळ्या माणसांसह एक फोटो काढायचा. तो रोलवर काढायचा आणि निगेटिव्ह सोसायटीच्या दप्तरात जपून ठेवायची. इथवर सगळ्यांनी हात वर केले. पण सचिवांनी पुढची ओळ वाचली, ‘या कामी एक जादा कॅमेरा बॉडी घेणे’, आणि मागून आवाज आला, “एक कॅमेरा हाय ना? मग दुसरा कशाला?”

प्रश्न रास्त आहे. सोसायटीचा पैसा म्हणजे तुमचा-माझा मेंटेनन्स. तो खर्च करायचा तर कारण पटलं पाहिजे. नेकनूर, मांजरसुंबा, येळंबघाट, केज या पट्ट्यात मी रोलच्या जमान्यात लग्नांचे फोटो काढले, म्हणून हे सांगायचं काम माझ्याकडं आलं. आधी ‘कशाला’ सांगतो, मग ‘कोणता’ सांगतो.

त्याआधी रोलच का, हे थोडक्यात. कार्यालयाचं कपाट आवरताना दोन वस्तू सापडल्या. एक म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वीच्या भूमिपूजनाच्या निगेटिव्हच्या पट्ट्या, कागदी पाकिटात. दुसरी म्हणजे दहाव्या वर्धापनदिनाच्या फोटोंची सीडी. पट्टी उजेडाला धरली तर माणसं ओळखू आली. सीडी तीन कॉम्प्युटरवर लावून बघितली, एकावरही उघडली नाही. मोबाईल वाईट आहे असं मी म्हणत नाही. मोबाईलवरही काढाच. पण ब्लॅक अँड व्हाईट निगेटिव्हवरचं चित्र हे चांदीच्या बारीक कणांचं असतं. नीट धुतली, कोरड्या जागी ठेवली, तर ती आपल्यापेक्षा जास्त जगते, आणि ती बघायला नुसता उजेड लागतो. पासवर्ड लागत नाही.

आता दिवस अक्षय तृतीयेचाच का? आपल्यातले मुकादम, ट्रॅक्टरवाले दसरा झाला की कारखान्याच्या वाटेला लागतात, ते पट्टा पडल्यावरच परत येतात. नोकरीवाली मुलं पुण्याला, संभाजीनगरला. ती दिवाळीला येतात तेव्हा ऊसवाली मंडळी इथं नसतात. हंगाम संपलेला, शाळांना सुट्टी लागलेली किंवा लागायच्या बेतात, लग्नसराई चालू, लेकी माहेरी आलेल्या, असा दिवस वर्षात हाच. तो दिवस हुकला तर पुढच्या वर्षी आपण पुन्हा जमू, पण सगळेच असू का? आपल्या सोसायटीत ऐंशी पार केलेली माणसं आहेत. त्यांच्यासमोर यापेक्षा जास्त बोलायची गरज नाही. हे काम फिरून करता येणार नाही, एवढंच लक्षात ठेवा.

आणि रोलच्या कॅमेऱ्याची खोड अशी की तो गुपचूप बिघडतो.

मोबाईल बिघडला तर लगेच कळतं, पडदा काळा होतो. रोलच्या कॅमेऱ्याचं तसं नसतं. खटका दाबला की आवाज येतो, आकडा पुढं सरकतो, फ्लॅश पडतो आणि आत काहीही झालेलं नसतं. आमच्या धंद्यातलीच गोष्ट आहे, माणूस कोण ते विचारू नका. भल्या घरचं लग्न होतं. आंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, हार घातले, पाठवणी झाली. आकडा छत्तीसवर गेला. रोल धुतला तर सबंध कोरा. रोलचं टोक आतल्या चाकात अडकलंच नव्हतं. चाक एकटंच फिरत होतं आणि आकडा आपला मोजत होता. मुलीचा बाप दुकानात आला, भांडला नाही. त्यानं एवढंच विचारलं, “एक तरी?” कॅमेरा एकच होता, त्यामुळं एकही नव्हता.

म्हणून जे जुने फोटोवाले टिकले, ते दोन बॉड्या बाळगायचे. आता बॉडी म्हणजे काय? पुढची काच म्हणजे लेन्स. ती काढली की मागं जो डबा उरतो, ज्यात रोल बसतो आणि शटर असतं, ती बॉडी. बिघडते ती बहुतेक वेळा बॉडीच, कारण फिरते भाग तिच्यात जास्त. काच पडली किंवा तिच्यात बुरशी आली तरच जाते.

लोकांना वाटतं दुसरी बॉडी म्हणजे जीपची स्टेपनी. टायर पंक्चर झालं की काढायची. पण पंक्चर झालेलं कळतं तरी. इथं बिघाड कळतो तो रोल धुतल्यावर, तोवर मंडप उठलेला असतो. म्हणून दुसरी बॉडी पिशवीत ठेवून उपयोग नाही. ती पहिल्या घरापासून चालू पाहिजे. एका घराचे दोन फोटो या बॉडीवर, दोन त्या बॉडीवर. मग एक बॉडी आतून बंद पडलेली असली तरी कोणाच्याही घराचा फोटो जात नाही.

खर्चाचा हिशोब मांडू. समजा चाळीस घरं, घरटी चार फोटो. झाले एकशेसाठ. एका रोलमध्ये ३६ फोटो. एकाच बॉडीवर काढले तर पाच रोल लागतील. दोन बॉड्यांत वाटले तर प्रत्येकीवर ऐंशी, म्हणजे तीन-तीन, एकूण सहा रोल. फरक फक्त एका रोलचा. उरतो तो बॉडीचा एकदाचा खर्च.

आता ‘कोणता’. आपल्याकडं आहे तो पेंटॅक्स के१०००. हा १९७६ मध्ये निघाला आणि १९९७ पर्यंत बनत राहिला, यावरूनच त्याची योग्यता कळते. सगळं यांत्रिक. आत एक छोटा सेल आहे, तो फक्त उजेड मोजणाऱ्या काट्यासाठी. सेल संपला तरी शटर चालतंच. त्याच्याबरोबर पन्नास मिलिमीटरची आणि अठ्ठावीसची अशा दोन लेन्स आहेत.

ठराव झाल्यापासून बऱ्याच जणांनी कॅमेरे सुचवले. प्रत्येक कॅमेऱ्याला मी तीनच प्रश्न विचारले. आपल्या लेन्स त्याला बसतात का? सेलशिवाय चालतो का? आणि घाईत हाताला परका वाटतो का? आमच्यासारख्याला चौथाही मोह होतो, की दुसरा घ्यायचाच तर पहिल्यापेक्षा भारी घेऊ. तो मोह बाजूला ठेवा. दुसऱ्या बॉडीनं पहिलीला मागं टाकायचं नसतं, तिची जागा न अडखळता घ्यायची असते.

पहिलं नाव आलं कॅनन एई-१ चं. सुंदर कॅमेरा, तोही १९७६ चाच, जगभर खपला. पण त्याचं शटर विजेवर चालतं. सहा व्होल्टचा सेल संपला की खटका दाबूनही काही होत नाही. आपल्या के१००० चा बटणासारखा सेल घड्याळवाल्याकडं मिळतो. सहा व्होल्टचा शोधत अक्षय तृतीयेच्या सकाळी कोण बीडला पळणार? शिवाय कॅननच्या लेन्सची बैठक निराळी, आपली लेन्स त्याला बसत नाही. दोन प्रश्नांत नापास.

दुसरं नाव निकॉन एफएम२. नाव घेतल्यावर मान खाली घालावी असा कॅमेरा. १९८२ चा, पूर्ण यांत्रिक, सेकंदाच्या चार हजाराव्या भागापर्यंत शटर. लग्नवाल्यांना तो आवडायचा त्याचं खरं कारण फ्लॅश. के१००० मध्ये कापडी पडदा आडवा सरकतो. फ्लॅश वापरताना शटर १/६० च्या वर नेता येत नाही. नेलं तर पडदा पूर्ण उघडा नसतानाच फ्लॅश पडतो आणि अर्धा फोटो काळा येतो. एफएम२ मध्ये धातूचा पडदा उभा पळतो, म्हणून १/२०० पर्यंत आणि १९८४ नंतरच्या बॉड्यांत १/२५० पर्यंत फ्लॅश चालतो. भर दुपारच्या मंडपात, वरमाय उन्हात आणि डोक्यावर पदर, अशा वेळी हा फरक मोठा. पण आपण भर उन्हात फ्लॅश मारणार नाही, सकाळी सावलीत काढणार आहोत. आणि निकॉनला आपल्या लेन्स चालत नाहीत. त्याची लेन्सही उलट्या बाजूला फिरवून बसते. रोल ओढायचा दांडा थोडा बाहेर काढल्याशिवाय खटका दबत नाही. निकॉनच्या सवयीच्या माणसाला यात काहीच अवघड नाही. पण एका हातात पेंटॅक्स आणि एका हातात निकॉन असं दिवसभर चाललं की हात गोंधळतो. एफएम२ हा पहिला कॅमेरा म्हणून घ्यावा. आपल्याला दुसरा पाहिजे.

तिसरा आला माळ्यावरून, रशियन झेनिट. तो ज्यांनी आणला त्यांचे आभार. वजन असं की खलबत्त्याचं काम करावं. सेल लागतच नाही. पण त्याची लेन्स आट्यांची, फिरवत-फिरवत बसवायची. आट्यांची लेन्स मधली एक कडी लावून पेंटॅक्सला बसवता येते, पण पेंटॅक्सची लेन्स त्या बॉडीला चालत नाही. फ्लॅशही १/३० वरच. पोरांना शिकायला तो उत्तम. कोणी मागितला तर जरूर द्या.

चौथी सूचना तरुण मंडळींची. पेंटॅक्सच्याच नंतरच्या ऑटोफोकस बॉड्या, एमझेड मालिकेतल्या. त्यांना आपल्या लेन्स बसतात, ही गोष्ट खरी. पण त्या सर्वस्वी सेलवर चालतात, आणि त्यातल्या काही स्वस्त बॉड्यांना जुन्या लेन्सचं छिद्र किती उघडंय हेच कळत नाही, त्यामुळं उजेडाचं माप चुकतं. बसते म्हणजे चालते असं नाही. सोयरिकीतसुद्धा आपण एवढं बघतोच की.

मग उरले कोण? पेंटॅक्सच्या के बैठकीचे, यांत्रिक कॅमेरे. ही बैठक १९७५ मध्ये आली आणि दुसऱ्या कंपन्यांनीही ती वापरली. त्यामुळं निवडीला जागा आहे. पेंटॅक्सचाच एमएक्स आहे, लहान, हलका, यांत्रिक. कोसिना कंपनीनं बनवलेला आणि व्हिव्हिटार नावानं विकलेला व्ही३००० आहे, त्यात फ्लॅश १/१२५ ला चालतो. रिकोचा केआर-५ आहे. यातला कोणताही चांगल्या स्थितीत मिळाला तर काम भागेल.

पण माझी शिफारस साधी आहे. दुसरा के१०००च घ्या, किंवा त्याचा थोरला भाऊ केएम मिळाला तर तो. केएम म्हणजे जवळजवळ हाच कॅमेरा, सगळी बटणं त्याच जागी. शिवाय त्यात सेल्फ-टायमर आहे, जो के१००० मध्ये खर्च वाचवायला काढून टाकला. फोटो काढणाराचं घरही याच सोसायटीत आहे. त्यालाही आपल्या माणसांत जाऊन उभं राहता आलं पाहिजे.

दोन बॉड्या एकसारख्या असल्या की डोकं फोटोत राहतं, यंत्रात नाही. आजी डोळे मिटतायत का, नातू पळाला का, हे बघायचं असतं.

आता हा कॅमेरा नवा मिळणार नाही. जुनाच घ्यायचा, पुण्या-मुंबईच्या बाजारातून किंवा कोणाच्या घरून. के१००० आधी जपानला बनला, मग हाँगकाँगला, शेवटी चीनला, आणि शेवटच्या बॉड्यांत प्लॅस्टिक वाढलं. पण शिक्का बघून घेऊ नका. बैल घेताना आपण दात बघतो, चालवून बघतो, तसं बघा.

मागचं झाकण उघडा. रोल न घालता उजेडाकडं धरून प्रत्येक वेगावर खटका दाबा. एक सेकंदाचा आवाज एक सेकंदाचाच पाहिजे, अडखळत नको. मग फ्लॅश लावा, समोर पांढरा कागद धरा, १/६० ला खटका दाबा आणि मागून बघा. पूर्ण चौकट उजळली पाहिजे. अर्धीच उजळली तर तो कॅमेरा परत द्या. झाकणाच्या खाचेत काळा फोम असतो. तो वर्षांनी चिकट होतो आणि त्यातून उजेड आत शिरतो. त्याला घाबरू नका, तो खरवडून काळी लोकर किंवा नवा फोम बसवता येतो. सौदा करताना मात्र जरूर दाखवा. लेन्स लावून बालाघाटाच्या दूरच्या कडेवर फोकस करा. लेन्सवरची खूण अनंतावर टेकली की कडा स्पष्ट दिसली पाहिजे. दोन्ही बॉड्या एकाच भिंतीकडं रोखा आणि काटे जुळतात का बघा. थोडा फरक असला तर लिहून ठेवा. आणि शेवटची परीक्षा, जी टाळून चालणार नाही, ती म्हणजे एक पूर्ण रोल काढून, धुऊन बघणं. कोणत्या फोटोला काय वेग होता हे वहीत लिहा. ही परीक्षा अक्षय तृतीयेच्या महिनाभर आधी झाली पाहिजे, आदल्या रात्री नाही.

प्रत्यक्ष दिवशी काय करायचं तेही सांगतो, म्हणजे सगळ्यांनी मदत करता येईल. सकाळी सात ते नऊ. त्यानंतर आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. जागा मारुतीच्या पाराजवळची मोकळी सावली. ४०० चा ब्लॅक अँड व्हाईट रोल. काटा बंद पडला तरी अडणार नाही, कारण जुना आडाखा आहे: लख्ख उन्हात छिद्र १६ वर आणि शटर रोलच्या आकड्याएवढं. मोकळ्या सावलीत त्याहून तीन पायऱ्या जास्त उजेड द्यायचा. म्हणजे छिद्र ११ आणि शटर १/१२५, तीन पायावर कॅमेरा ठेवून. ११ ला पुढं बसलेली नात आणि मागं उभे आजोबा, दोघंही स्पष्ट येतात. रोल कोणी गाडीच्या डिकीत ठेवायचे नाहीत, तिथं भट्टी होते.

पोरांनो, तुमच्यासाठी एक काम. रोल घातल्यावर दांडा ओढला की डाव्या बाजूची गुंडाळायची मूठ उलटी फिरते. ती फिरली म्हणजे रोल सरकतोय. प्रत्येक घराच्या वेळी एकानं फक्त त्या मुठीकडं बघायचं आणि ‘फिरली’ म्हणून ओरडायचं. त्या मुलीच्या बापानं जे विचारलं, ते इथं कोणाला विचारावं लागणार नाही. दुसऱ्यानं वहीत लिहायचं: घर क्रमांक, पहिल्या बॉडीवर कितवा, दुसऱ्या बॉडीवर कितवा. रोलवर ‘अ’ आणि ‘ब’ चिठ्ठ्या लावायच्या.

धुतानाही ‘अ’ आणि ‘ब’ एकत्र धुवायचे नाहीत. आधी एक संच धुवायचा, बघायचा, मग दुसरा. कारण कॅमेऱ्यात टिकलेलं चित्र औषधात बिघडू शकतं. दोन बॉड्या घेतल्या आणि सगळे रोल एकाच भांड्यात टाकले, तर शहाणपण अर्ध्यावर सोडल्यासारखं होईल.

आणि आता त्या मागच्या आवाजाला शेवटचं उत्तर देतो. दोन बॉड्यांवर काढलं म्हणजे प्रत्येक घराच्या निगेटिव्हचे दोन संच झाले, दोन्ही अस्सल. नक्कल कोणतीच नाही. एक संच कार्यालयाच्या कपाटात राहील. दुसरा कपाटात ठेवायचा नाही. तो सोसायटीच्या बाहेर, बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावा असं मी संचालक मंडळाला सुचवतो. इथं पाणी शिरलं, वाळवी लागली, तरी पन्नासाव्या वर्षी कोणीतरी तो उघडेल आणि उजेडाला धरेल. दुसरा कॅमेरा एका सकाळीच लागतो, दाम मात्र त्याचं पंचवीस वर्षं वसूल होत राहतं.

तेव्हा तीन विनंत्या करून थांबतो. एक, कोणाच्या माळ्यावर, ट्रंकेत, पेंटॅक्सची जुनी बॉडी किंवा लेन्स पडली असेल तर आधी मला दाखवा, कदाचित विकत घ्यावीच लागणार नाही. दोन, गावाबाहेरच्या मुलांना आजच फोन करून अक्षय तृतीयेची सुट्टी सांगून ठेवा. तीन, घरातली म्हातारी माणसं ‘आमचा कशाला फोटो’ म्हणतील. त्यांचं ऐकू नका. खुर्ची सोसायटी देईल, हात धरून आणायचं काम तुमचं.